चौथ्या गुरुवारची बाई

२९ एप्रिल, सोमवार

आज एका मेंढीनं माझा चष्मा मोडला. तिची काही चूक नव्हती. जेवणाच्या भोंग्याआधीची शेवटची मेंढी आमच्या शेडातल्या कातरणाऱ्या हेमीनं मला दिली होती, अर्धी त्यानं कातरलेली, उरलेली अर्धी मी कातरायची. वाकले, घाम नाकावर आला, चष्मा घसरला. मनगटानं वर ढकलायला गेले तर लोकरीच्या मेणानं दोन्ही काचा माखल्या. तेवढ्यात तिचा मागचा पाय सुटला. चष्म्याची एक काडी फळ्यांच्या फटीतून खाली लेंड्यांत गेली ती गेलीच. आता कापडी चिकटपट्टी लावलीये. कानाला टोचते.

हेमी म्हणाला, "काय गं चष्मिस, मेंढीनं आज तुलाच कातरलं."

मर्वनं सगळं पाहिलं. मर्व आमचा मुकादम, गावोगावच्या शेडांत लोकर कातरायची कंत्राटं घेतो आणि आम्हाला पिकअपमध्ये कोंबून नेतो. आठवडाभरात बोलत नाही तेवढं आज एकदम बोलला. "टीग्ज," टेगन तो कधी म्हणत नाही, "बारा ऑगस्टला मोठं शेड उघडतंय. तिथं शिकाऊचं एक स्टँड आहे. तोवर दिवसाला साठ मेंढ्या काढून दाखव, ते तुझं. पण चष्मा लावून नाही. मागं एका चष्मेवाल्यानं आचळ उडवलं होतं मेंढीचं. ती मेंढी मला अजून दिसते."

स्टँड म्हणजे फळीवरची हक्काची जागा. डोक्यावर स्वतःची मोटर, हातात स्वतःचं यंत्र. आत्ता मी नुसती झाडूवाली, कातरलेली लोकर उचलायची, टेबलावर पसरायची, खालची झाडायची. त्याआधी संत्री तोडली, चेरी तोडल्या, हमरस्त्यावरच्या हॉटेलात अंडी तळली, एका माणसाचे उंट सांभाळले. उंटांबद्दल लिहायला बसले तर वही संपेल. सांगायचं ते हे की आजवर कुठल्याही कामात पाच वाजले की मला दुसरं गाव आठवायचं. इथं नाही आठवत.

तेव्हा लेन्स लावायच्या. किती अवघड असेल?

२ मे, गुरुवार

अवघड आहे.

यंडारात औषधांच्या दुकानामागं एक खोली आहे, तिथं दर चौथ्या गुरुवारी पोर्ट ऑगस्टाहून डोळे तपासणारी बाई येते. मिसेस फाम नाव. तिच्या आधी जॅनेल भेटते. जॅनेल वही सांभाळते आणि नियम सांभाळते.

"शेवटची तपासणी कुठं झाली, बाळा?"

"मिल्डुरात. तीन वर्षं झाली."

"मग तो नंबर बाद. आज साधी तपासणी करून घे. लेन्सची अपॉइंटमेंट वेगळी असते, लांबलचक. ती तीस मेला."

"मी दीडशे किलोमीटर आलेय."

"सगळेच येतात, बाळा. इथं जवळ राहतंय कोण?"

मिसेस फाम बुटकी आहे, माझ्या खांद्याला लागते. टेबलावर भाताचा डबा अर्धा खाल्लेला, चमचा तसाच आत. तिनं डोळ्यांत उजेड मारला, अक्षरं वाचायला लावली, बरंच काही लिहिलं. मी म्हटलं, "नंबर कळला ना आता? तोच लेन्समध्ये घाला की. चष्मा तरी दुसरं काय करतो?"

"चष्मा नाकावर टेकतो," ती म्हणाली. "लेन्स डोळ्यावर टेकते. नाकाला काही होत नाही."

निघताना जॅनेलनं विचारलं, चार आठवड्यांनी तू कुठल्या पत्त्यावर असशील. मी म्हटलं मेंढ्यांना विचारा. तिनं खरंच काहीतरी लिहून घेतलं.

या लोकांना वाटतं माणूस एका जागी बसून असतो आणि दर चौथ्या गुरुवारी फक्त उठतो. परतीला गुरांच्या ट्रकमधून आले. ड्रायव्हर सगळा वेळ आपल्या घटस्फोटाबद्दल बोलत होता, आणि गंमत म्हणजे तो बायकोच्याच बाजूनं बोलत होता.

११ मे, शनिवार

चिकटपट्टीचा चष्मा लावून दर फेरीला, म्हणजे एका भोंग्यापासून दुसऱ्यापर्यंत, एक मेंढी मिळते. फेऱ्या चार, म्हणजे दिवसाला चार मेंढ्या. साठाला किती दिवस लागतील ते काढायला गेले आणि वही मिटली.

हेमी शिकवतो बरा. तो न्यूझीलंडचा, चाळीसएक वर्षांचा, पाठीला रुंद पट्टा बांधतो. म्हणतो, "यंत्राकडं बघू नकोस. डाव्या हाताकडं बघ. कातडी ताणून धर, यंत्र आपोआप जातं." पण काचा मेणानं माखल्या की मला डावा हात दिसतच नाही. सगळं ढगात.

३० मे, गुरुवार

दिसतंय.

जॅनेलनं आरशासमोर बसवलं. लेन्स तीनदा घालून तीनदा काढून दाखवल्याशिवाय घरी न्यायला देत नाहीत, हाही नियम. पहिली लेन्स माझ्या गालावर, दुसरी जॅनेलच्या कॉफीत. एक तास लागला. जॅनेल म्हणाली, "माझ्या बहिणीला दोन दिवस लागले होते, आणि ती नर्स आहे."

मग मिसेस फामनं धडा घेतला. रात्री काढायची. तिनं दिलेल्याच औषधी पाण्यात धुवायची, त्यातच ठेवायची. दुसरं पाणी नाही. नळाचं नाही, बाटलीतलं नाही. थुंकी तर मुळीच नाही.

"थुंकी कोण लावतं?"

"सांगितलं तर तुला जेवण जाणार नाही."

ही जोडी नमुन्याची, फक्त महिनाभर टिकणारी. सत्तावीस जूनला दुपारी तीन वाजता ती डोळे पुन्हा बघणार. ठीक असले तर लेन्सची चिठ्ठी देणार, मग ती चिठ्ठी दाखवून मी कुठूनही मागवायच्या. तिनं पुन्हा बघितल्याशिवाय चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठीशिवाय दुसरी जोडी नाही.

"मी त्या दिवशी कुठं असेन मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मी इथं असेन," ती म्हणाली.

हे काही उत्तर झालं नाही. पण बाहेर आले आणि समोरच्या झाडाला पानं होती. म्हणजे एकेक, सुटी. तारेवर गुलाबी पोपट बसले होते, त्यातल्या एकाच्या पायाचं बोट तुटलेलं होतं. ते दिसलं म्हणून मी रस्त्यात उभी राहून वेड्यासारखी हसले. औषधवाल्यानं काचेतून बघितलं.

११ जून, मंगळवार

काल मर्वनं अर्धा दिवस यंत्र दिलं. सव्वीस मेंढ्या. एकीच्या कातडीला जेमतेम ओरखडा, बाकी स्वच्छ. चहाच्या सुट्टीत मर्वनं माझ्याकडं बिस्किटांचा डबा सरकवला. ग्लेनिस म्हणते त्यानं स्वतःच्या जावयाकडंही कधी सरकवला नाही.

ग्लेनिस आमची स्वयंपाकीण. मटण सात तऱ्हांनी करते आणि सातही सारखीच लागतात.

औषधी पाण्याची बाटली संपली. अर्धी पिकअपच्या मागं सांडली, कुणीतरी कुत्र्याला तिच्यावर बसवलं. दुकान नव्वद किलोमीटरवर. ग्लेनिसला विचारलं तर ती हसली. "अगं, टाकी भरलीये वरपर्यंत. आभाळातून थेट पत्र्यावर, पत्र्यावरून टाकीत. मधे माणसाचा हात नाही. माझी तीन पोरं या पाण्यावर वाढली. शहरातलं नळाचं पाणी, त्यानं मी कुत्राही धुणार नाही."

खरंच आहे ते. इथं पाहुण्याला टाकीचंच पाणी देतात, दाखवून दाखवून. मिसेस फाम नळाचं नाही म्हणाली होती. ती पोर्ट ऑगस्टात राहते, शेकडो किलोमीटर नळातून आलेलं नदीचं पाणी पिते, तिला टाकीचं पाणी काय माहीत. जॅमची बरणी धुऊन घेतली. लेन्स तिच्यात रात्रभर छान राहतात.

२० जून, गुरुवार

आमच्यातल्या एका कातरणाऱ्याची, ब्लूची, कंबर धरली. सोमवारपासून ब्लूचं स्टँड माझं, तो बरा होईपर्यंत. झोपच येईना. ब्लू बिचारा कण्हतोय आणि मला त्याच्या कंबरेवर प्रेम जडलंय.

उजवा डोळा जरा खरखरतो. गवताचं कुसळ असेल.

२७ जून, गुरुवार

आज मी मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. देशाच्या निवडणुकीतही दिलेलं नाही; इथं मत न देणाऱ्याला दंड असतो, तो कुठल्यातरी जुन्या पत्त्यावर पडला असेल.

झालं असं. पहाटे पाऊस पडला. लोकर ओली असली की कातरणाऱ्यांची हाडं धरतात, गठ्ठ्यात ती सडतेही. म्हणून रीत अशी, की सगळ्यांनी दोन-दोन मेंढ्या कातरायच्या, मग चिठ्ठ्या टाकायच्या, ओल्या की कोरड्या. कुणी कुणाची चिठ्ठी बघायची नाही, कुणी आपलं मत नंतरही सांगायचं नाही. मुकादमाला मत नाही, झाडूवाल्यांना नाही. फक्त स्टँडवाल्यांना. आम्ही पाच, हेमी, डग्लस, मी आणि आणखी दोघं.

ओल्या निघाल्या असत्या तर दिवस सुट्टीचा. हेमी सकाळीच म्हणाला होता, "ओल्या निघाल्या तर मी तुला यंडाराला नेतो. तीनची वेळ आहे ना तुझी?" माझ्या ध्यानात होतं. डोळ्यातून पाणी येतंय तेही त्यानं पाहिलं होतं, मी म्हटलं थंडी आहे.

मी माझ्या दोन मेंढ्यांच्या पोटाखाली हात घातला. दमट होत्या का? थोड्या असतील. पण काल माझ्या त्रेपन्न झाल्या होत्या. आज साठ होतील असं हातांना वाटत होतं. आणि तिकडं जाऊन काय, ती उजेड मारणार, हूं म्हणणार, लेन्स काढून ठेव म्हणणार, पुढच्या चौथ्या गुरुवारी ये म्हणणार. मग मी महिनाभर झाडूवर. शिवाय नव्या पोरीनं पहिल्याच आठवड्यात ओलं म्हटलं तर, कुणाला कळणार नाही हे खरं, पण मला कळलं असतं.

मी कोरड्या लिहिलं. मर्वनं टोपीतून चिठ्ठ्या वाचल्या. कोरड्या तीन, ओल्या दोन. हेमीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि यंत्राची दोरी ओढली.

अठ्ठावन्न झाल्या.

संध्याकाळी टेकडीवर फोनची रेंज मिळते तिथं गेले तर जॅनेलचे दोन निरोप. आली नाहीस, सगळं ठीक ना, फोन कर. न आल्याचा दंड लावायचा असणार.

१ जुलै, सोमवार

जॅनेलला फोन केला. म्हटलं, एक जोडी टपालानं पाठव, तिच्या पुढच्या गुरुवारी नक्की येते.

"नाही पाठवता येत, बाळा. तिनं बघितल्याशिवाय चिठ्ठी होत नाही."

"जुनी जोडी संपली ना पण."

"मग ती टाकून दे. चष्मा लाव तोवर."

"चष्मा लावला तर माझं स्टँड जातं."

 ती म्हणाली, "माझ्या हातात असतं तर, टेगन." सगळ्या नियमवाल्यांचं हे आवडतं वाक्य. नियम कोणाच्याच हातात नसतो, आपल्या मानेवर मात्र बरोबर असतो. मी फोन ठेवला आणि तीच जोडी पुन्हा बरणीत टाकली. पातळ तर आहे, झिजणार किती?

५ जुलै, शुक्रवार

त्रेसष्ट.

मर्व आला, खालच्या आवारात माझ्या मेंढ्या एकेक फिरवून बघितल्या, म्हणाला, "बारा ऑगस्ट." एवढंच. हेमीनं मला उचलून लोकरीच्या ढिगात फेकलं. ग्लेनिसनं आठव्या तऱ्हेचं मटण केलं. ते खरंच वेगळं लागलं, किंवा मी खूश होते.

डोळा लाल आहे. कातरत नसले की काळा गॉगल लावते. लोकरीचं मेण जात असेल, सगळ्यांनाच होतं म्हणतात. फक्त खिडकीकडं तोंड केलं की सुरी घातल्यासारखं होतं, म्हणून फळीवर पाठ फिरवून उभी राहते. हेमी म्हणतो, "मेंढीला वाटेल तू चिडलीयेस."

१३ जुलै, शनिवार

ग्लेनिसनं चहाच्या गार पुरचुंड्या दिल्या डोळ्यावर ठेवायला. उजवी लेन्स काल काढली. डाव्या एकाच लेन्सवर कालचा दिवस काढला. एकेचाळीस. पायऱ्या किती खोल आहेत कळत नाही, दोनदा पडले.

मिसेस फामचा स्वतःचा फोन आला. शनिवारी. एवढी कसली नड.

"डोळा लाल आहे का?"

"नाही."

"उजेड टोचतो?"

"नाही."

"लेन्स धुतेस कशानं?"

"तुम्ही दिलं त्यानंच."

ती म्हणाली, "टेगन, मी दिलेली बाटली चार आठवड्यांची होती." मग म्हणाली, "लेन्स घालू नकोस. गुरुवार नसला तरी चालेल, वेळ ठरवलेली नसली तरी चालेल. पोर्ट ऑगस्टाला ये. उद्या आलीस तर मी दुकान उघडते."

आता म्हणे गुरुवार नको, वेळ नको. इतके दिवस काय झालं होतं मग? मी बघते म्हटलं. मोठ्या शेडाला तीस दिवस उरलेत. आठवड्यात लाली उतरेल.

१८ जुलै

हेमीनं विचारलंच नाही. उचललं आणि गाडीत घातलं. तोंडावर टॉवेल. पोर्ट ऑगस्टाहून विमानानं ॲडलेड. ओळी वाकड्या जातायत, माफ कर वही. दुखणं असतं हे मला माहीत होतं. इतकं असतं हे नव्हतं.

२८ जुलै, रविवार

दर तासाला थेंब. पहिले काही दिवस रात्रंदिवस. डोळ्यावरून एक बारीक काडी फिरवून नमुना तपासायला नेला होता, त्याचं उत्तर आलं. पाण्यात राहणारा एक जीव असतो, इतका लहान की भिंगाशिवाय दिसत नाही. टाकीत असतोच. प्यायलं तर पोटाला काही करत नाही. लेन्सखाली अडकला तर डोळा खातो. डॉक्टर तरुण आहे, सांगताना पेन उघडझाप करत होता. मी म्हटलं, आमच्याकडं पाहुण्यांना तेच पाणी देतात. तो म्हणाला, "माझ्या आजीकडंही."

बुबुळावर पांढरं कडं धरलंय. सुरुवातीला आली असतीस तर थेंबांवर भागलं असतं, म्हणाला. मी विचारलं सुरुवात म्हणजे कधी. तो म्हणाला, "जूनअखेर. नुकतं खरखरायला लागतं तेव्हा."

आज हेमी आला. सहा तास गाडी हाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याला पहिल्यांदाच शर्टात बघितलं, एका डोळ्यानं का होईना. संत्री आणली होती. मी म्हटलं संत्री मी इतकी तोडलीयेत की वास नको. तर त्यानंच सोलून खाल्ली, बसून, सगळी.

मग म्हणाला, "एक सांगायचंय. सांगायचं नसतं, पण सांगतो. त्या गुरुवारी माझ्या मेंढ्या कोरड्या ठणठणीत होत्या. मी ओल्या लिहिलं. डग्लसनंही. आम्ही ठरवलं होतं, पोरीला डोळा दाखवायला जाऊ दे. तीन मतं लागत होती. आम्हाला वाटलं तिसरं तर तुझं आहेच."

  नर्स थेंब घालायला आली तेव्हा मला बरं वाटलं, कारण थेंब घातल्यावर डोळ्यातून पाणी येतंच.

६ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटलबाहेर सोडलं. बाहेरगावच्या रोग्यांसाठी जवळच खोल्या आहेत, तिथं राहायचं, थेंब चालू. उजव्या डोळ्यानं खिडकी कळते, तिचे गज कळत नाहीत. तोंडासमोर हात हलवला तर हलतो एवढं. पुढं कधी दुसऱ्याचं बुबुळ बसवता येईल, पण आधी आतला जीव पुरता मरायला हवा, त्याला वर्षही लागेल. लेन्स आता कधीच नाही, डाव्यालाही नाही.

मिसेस फामनं नवा चष्मा पाठवला, डाव्या डोळ्याच्या नंबरचा, उजवी काच काळसर. सोबत पत्र असेल म्हणून खोका झटकला. पत्र नव्हतं. तिच्यावर राग धरायचा म्हणते आणि तो कुठं धरावा तेच सापडत नाही. ती बरोबर होती. तरी अठ्ठावीस दिवसांतून एकदा उघडणारं दार, ते काय माझ्यासारखीसाठी ठेवलं होतं? हे मी तिला विचारणार होते. चष्मा नीट बसला नाकावर.

एका डोळ्यानं अंतर कळत नाही. कपात चहा ओतताना आज तीनदा टेबलावर ओतला. यंत्र चालवताना कातडी आणि दात्यांत सुईएवढं अंतर असतं. मर्वला मी फोन केला नाही, त्यानंही केला नाही. हे त्यानं चांगलं केलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

चहाची सुट्टी संपता संपता हेमीचा फोन. मोठ्या शेडाच्या कडेला एका खांबाजवळ म्हणे आवाज पोचतो. म्हणाला, "बोलू नकोस, ऐक," आणि फोन कठड्यावर ठेवला.

भोंगा झाला. दोऱ्या ओढल्या. यंत्रं एकामागून एक सुरू झाली, आणि मला सगळी ओळखू आली. डग्लसचं जरा बसक्या आवाजाचं. ब्लू आलाय परत, तो मेंढीला शिव्या देतो. बाकी सगळी एका लयीत. शेवटी, भिंतीकडच्या अंगाला, एक यंत्र चालायचं, थांबायचं, चालायचं, थांबायचं. मेंढी पाय आपटत होती.

"हेमी," मी म्हटलं. बऱ्याच वेळानं त्यानं फोन उचलला. "शिकाऊ कोण आहे?"

"आहे एक. ब्रेंट. तिशीचा, गवंडीकाम करायचा. हात जड आहे."

"त्याचा डावा हात ढिला पडतोय. पोटाजवळ. त्याला सांग, ताणून धर म्हणावं, यंत्राकडं बघू नकोस."

हेमी ओरडला. पलीकडून कुणीतरी काय म्हणून विचारलं, हेमी पुन्हा ओरडला, या वेळी माझं नाव घेऊन.  मग ते भिंतीकडचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं नाही. मांडीपासून पाठीवरून मानेपर्यंत एकच लांब आवाज, न तुटता.

माझा तसा कधी निघाला नव्हता.